‘घरही, रजाही’? कुठे मिळते ते कळवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकी लष्करातील अविवाहित जोडप्यांविषयी पानभर लेख आपण छापला आहे. लग्नाच्या भानगडीत न पडता मूल होऊ द्यावे, सरकार घरही देते आणि दोघांना भरपगारी रजाही देते, असा त्याचा एकंदर सूर आहे. लेखकमहाशयांची भाषा ओघवती आहे, याविषयी वाद नाही. मात्र हे घर नेमक्या कोणत्या तळावर मिळते, तेवढे त्यांनी लिहिले असते तर आमच्या घरातील दोघांची मोठी सोय झाली असती.

माझी नात अमेरिकी नौदलात आहे. तिचा जोडीदारही नौदलातच आहे, दोघांचे लग्न झालेले नाही आणि गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. त्यांनी लग्न करावे असे माझे मत होते, आजही आहे, आणि ते मी दोघांच्या तोंडावर सांगितले आहे. परंतु माझी नापसंती वेगळी आणि नियम वेगळा. भारतीय लष्करात क्लार्क म्हणून उभी नोकरी काढलेल्या माणसाला कोणी नियम चुकीचा सांगितला की स्वस्थ बसवत नाही, मग तो नियम परक्या देशाच्या सैन्याचा का असेना.

तेथील घरभाडेभत्ता सैनिकाचा हुद्दा, त्याच्या नेमणुकीचे ठिकाण आणि त्याच्यावर कोणी अवलंबित आहे की नाही, या गोष्टी पाहून ठरतो. अवलंबितांमध्ये पत्नी किंवा पती बसतो, मूल बसते. लग्नाशिवायचा जोडीदार बसत नाही, मग तो कितीही वर्षे सोबत राहिलेला असो. पोटातले बाळही बसत नाही. नातीला विसावा आठवडा लागण्याच्या आत जहाज सोडावे लागले, कारण त्यानंतर गरोदर स्त्रीला जहाजावर ठेवत नाहीत. बॅरेकमधून बाहेर पडून भाड्याच्या घरात राहण्याची परवानगी तिला मिळाली, पण भत्ता मिळाला तो एकट्या सैनिकाच्या दराने, आणि वाढीव दर लागू झाला तो मुलगी जन्मल्यानंतर. पाळणा, औषधे आणि घराची अनामत रक्कम हे सगळे खर्च जन्माच्या आधी येतात, हे त्या नियमकर्त्यांपैकी कोणाच्या पत्नीने त्यांना सांगितलेले दिसत नाही.

बाळ एक असल्याने वाढीव दर आई-वडिलांपैकी एकालाच मिळतो. तो नातीला मिळाला, हे रास्तच झाले. तिचा जोडीदार कनिष्ठ हुद्द्यावर आहे आणि कागदोपत्री एकटा आहे, त्यामुळे त्याचे हक्काचे घर म्हणजे जहाजावरील एकावर एक तीन खाटांपैकी मधली खाट. पती-पत्नी दोघेही नौदलात असतील तर एकाच ठिकाणी नेमणूक मिळावी असा अर्ज त्यांना करता येतो. तो मंजूर होईलच असे नाही, पण निदान करता येतो. नातीला आणि तिच्या जोडीदाराला तसा अर्ज करता आला नाही. सबब नातीची नेमणूक एका बंदरावर आणि त्याची दुसऱ्या. लेखकमहाशय ज्याला ‘सरकारी कृपेने चाललेला संसार’ म्हणतात, तो आमच्याकडे बहुतेक फोनवर चालतो.

आता रजेविषयी. दोघांनाही बारा आठवड्यांची पालकत्व रजा आहे, हे लेखातील विधान कागदावर बरोबर आहे. डिसेंबर २०२२ पासून ती लागू झाली, आईला बाळंतपणानंतर प्रकृती सुधारण्यासाठी डॉक्टर देतील ती रजा त्याहून वेगळी असते, आणि बारा आठवडे बाळाच्या जन्मापासून वर्षभरात घ्यावे लागतात. त्याआधी २००८ च्या कायद्याने वडिलांना मिळाले होते ते दहा दिवस, आणि तेही ज्याची पत्नी बाळंत होईल अशा विवाहित सैनिकालाच. अविवाहित बापाचा विचार व्हायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला. परंतु कागदावरची रजा आणि पदरात पडलेली रजा यांत काय अंतर असते, ते लेखकांनी एखाद्या अविवाहित बापाला विचारले असते तर बरे झाले असते. ते विचारणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

मूल लग्नाबाहेर जन्मले असेल तर आपण त्याचे वडील आहोत, हे सैनिकाला आधी सिद्ध करावे लागते. विवाहित पुरुषाचे नाव जन्मदाखल्यावर आपोआप चढते. अविवाहित आई-वडिलांनी मात्र पितृत्व मान्य असल्याच्या स्वतंत्र कागदावर दोघांनी सह्या करायच्या असतात. हा कागद बहुधा रुग्णालयातच पुढे केला जातो, आणि बाप तेथे हजर असला तर पाच मिनिटांचे काम आहे. आमची पणती जन्मली तेव्हा तिचे वडील समुद्रात होते. ते कोणा खासगी सफरीवर गेलेले नव्हते, ज्या नौदलाकडे नंतर रजा मागायची त्याच नौदलाने त्यांना पाठवले होते. सही झाली नाही, त्यामुळे दाखल्यावर वडिलांची जागा कोरी राहिली. जहाज बंदराला लागल्यावर त्याने नोटरीसमोर सही केली, तो कागद राज्याच्या नोंदणी कार्यालयात गेला, तेथून दुरुस्त दाखला यायला दिवस लागले, मग तो दाखला घेऊन लष्कराच्या अवलंबितांच्या नोंदणीत मुलीचे नाव चढवायचे, आणि त्यानंतर रजेचा अर्ज. त्यातही खिडकीवरील बाईंनी एका नावातील अक्षर जुळत नाही म्हणून कागद परत केला. आमचे आडनाव लिहिताना तेथे कोणाचीही लेखणी सरळ चालत नाही, तो त्या मुलाचा दोष नाही.

त्याच जहाजावरील त्याच्या एका विवाहित सहकाऱ्याला त्याच सुमारास मुलगा झाला. जहाज धक्क्याला लागले त्या आठवड्यात तो रजेवर गेला. तेच काम, तोच हुद्दा, तीच समुद्रातील पाळी. आमच्या पणतीचे वडील तेव्हा नोंदणी कार्यालयाच्या दाराशी होते, आणि बाळंतिणीजवळ कोण होते म्हणाल, तर माझी सून, जी स्वतःची नोकरी बिनपगारी रजेवर टाकून विमानाने गेली होती. तिच्या रजेचा उल्लेख आपल्या लेखात कोठे आढळला नाही. एकट्या पालकाला आणि दोघेही सैनिक असलेल्या दांपत्याला, आपण मोहिमेवर गेलो तर मूल कोण सांभाळील, याचा लेखी आराखडा तेथे सादर करावा लागतो. त्या आराखड्यावरही नाव आहे ते सुनेचेच. ‘सगळे सरकार बघते’ हे वाक्य मी तिला फोनवर वाचून दाखवले. ती जे बोलली ते आपल्या दैनिकात छापण्याजोगे नाही.

कागदाची ही सत्ता मला नवी नाही. आमच्या लष्करातही लग्न झाले की ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे त्याची दप्तरातील अधिकृत नोंद, निघते, मूल झाले की निघते, आणि ती निघाली नाही तर दप्तरापुरते ते लग्न झालेलेच नसते. गावाने पंक्ती उठवलेल्या असल्या तरी ऑर्डर रखडलेली, आणि पत्नी फॅमिली क्वार्टरच्या यादीत नाही म्हणून रडकुंडीला आलेले जवान मी माझ्या टेबलासमोर उभे पाहिले आहेत. क्वार्टरची वाट पाहण्यात माझाही संसार निम्मा गावाकडे आणि निम्मा ट्रंकेत झाला. म्हणूनच, लग्न केले की सगळे सुरळीत आणि न केले की फुकटचा मलिदा, अशी जी मांडणी लेखात आहे, ती ज्याने कधी मूव्हमेंट ऑर्डरवर संसार हलवला नाही त्यालाच सुचू शकते.

‘अमेरिकेने स्त्रियांचे फाजील लाड केले’ हे वाक्य तर इतिहासाशी अगदीच फटकून आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या १९५१ च्या आदेशाने गरोदर स्त्रीला सैन्यातून काढून टाकता येत असे. मरीन दलातील स्टेफनी क्रॉफर्ड या अविवाहित सैनिक स्त्रीला १९७० साली याच कारणाने घरी पाठवले, आणि ते घटनाबाह्य होते असा अपील न्यायालयाचा निकाल यायला १९७६ साल उजाडले. हवाई दलातील लेफ्टनंट शॅरन फ्रंटिएरो तर रीतसर विवाहित होत्या. तरीही पतीसाठी घरभाडेभत्ता मागताच त्यांना, पती निम्म्याहून अधिक खर्चासाठी आपल्यावर अवलंबून असल्याचे सिद्ध करा, असे सांगण्यात आले. पुरुष सैनिकांना पत्नीबाबत असे काहीही सिद्ध करावे लागत नसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७३ च्या मे महिन्यात आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्या जिंकल्या. लाड करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे मला ठाऊक नव्हते.

आणि आपल्याकडे? मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधील लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली लग्न केले म्हणून सेवेतून दूर केले गेले. होय, लग्न केले म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अधिकारी स्त्रियांना मिळणारी १८० दिवसांची प्रसूती रजा जवान, नाविक आणि हवाई योद्धा स्त्रियांनाही त्याच धर्तीवर देण्याच्या प्रस्तावाला संरक्षणमंत्र्यांनी मान्यता दिली ती २०२३ च्या नोव्हेंबरात. अग्निवीरांना चार वर्षे लग्नच करता येत नाही. तेव्हा परक्यांच्या बॅरेकमध्ये डोकावण्यापूर्वी लेखकांनी खडकी किंवा देवळालीला एखादी चक्कर टाकायला हरकत नव्हती. भाडे तरी कमी पडले असते.

माझी मागणी साधी आहे. अविवाहित जोडप्याला जोडपे म्हणून घर मिळत नाही, वाढीव घरभाडेभत्ता दोघांपैकी एकालाच आणि मुलाच्या जन्मानंतर मिळतो, आणि वडिलांची रजा पितृत्व सिद्ध होईपर्यंत अडकून राहते, एवढी दुरुस्ती आपण पुरवणीच्या त्याच पानावर आणि वाचता येईल अशा टाइपात छापावी. कोपऱ्यात, पंचांगाच्या खाली छापू नये.

जाता जाता आणखी एक. ऊसदराविषयीचे माझे मागील पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभारी आहे, परंतु खाली माझा हुद्दा ‘निवृत्त शिपाई’ असा छापला गेला. शिपायाचा हुद्दा कमीपणाचा आहे असे मी मुळीच म्हणत नाही, मीही तेथूनच सुरुवात केली. पण वर चढायला मला बरीच वर्षे लागली आणि आपल्या उपसंपादकांनी एका रात्रीत खाली उतरवले. नातीची आणि त्या मुलाची नोकरी चालू असल्याने या वेळी माझे नाव कृपया छापू नये. हुद्दा मात्र बरोबर छापावा.

आपला,
एक वाचक, सुभेदार (निवृत्त), सातारा