शेपूट अण्णांसाठी राखून ठेवलंय

ला रॉन्ज, सस्कॅचवान, कॅनडा
१२ एप्रिल २०२६

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधी चहा घेऊन बस. हे फोनवर बोलता येत नाही, कारण तू फोन घेतलास की भोवती चारजण गोळा होतात आणि त्यांत एक माझे वडील, अण्णा असतात. इकडे सगळे बरे आहेत. सुनीताची शुगर आटोक्यात आहे, माझी कंबर आहे तशीच.

गोष्ट अशी की माझ्या निनादने बीव्हर आणला, आम्ही तो शिजवून खाल्ला, आणि त्याचं शेपूट इथल्या एका आजीने अण्णांसाठी फ्रीझरमध्ये राखून ठेवलंय. अण्णा पाच जूनला येतायत. एवढं वाचून तुला कळलं असेल मी रात्रीचा जागा का आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी तासभर अण्णा समजावून सांगावे लागतील.

बीव्हर तू पाहिलायस. तुझ्या मुक्ताला नाण्यांची पुडी पाठवली होती, त्यात इथल्या पाच सेंटच्या नाण्यावर आहे, १९३७ पासून आहे. १९७५ साली तर कायदा करून त्याला देशाचं प्रतीक केलं. पूर्ण वाढलेला वीस-पंचवीस किलोचा होतो. पुढचे दात नारिंगी, त्यांत लोह असतं म्हणून. झाडं कुरतडून पाडतो, ओढ्याला बांध घालतो, पाण्यात काटक्या-चिखलाचं घर करून नर-मादी पोराबाळांसकट राहतात. आणि जात उंदराची. हो, उंदराचीच. वाडी आठवली ना? मला तर इथल्या मुशुमच्या (ते कोण ते पुढे सांगतो) अंगणात पहिल्यांदा त्याचे दात बघितले तेव्हाच वाडीवरच्या ठकीचा खळा डोळ्यांसमोर आला. भात कापून झाल्यावर बांधावरची बिळं खणायची, निघालेलं भात एका टोपलीत, उंदीर दुसऱ्या टोपलीत, आणि संध्याकाळी निखाऱ्यावर भाजून मीठ-मिरची. अण्णा त्यानंतर शिमग्यापर्यंत माझ्याशी बोलले नव्हते. तुझ्याशी बोलत होते, कारण तू छातीवर हात ठेवून सांगितलंस की मी शिवलोही नाही. दोन खाल्लेस तू दत्ता. आता गळ्यात माळ आहे तुझ्या, मान्य कर.

मुशुम म्हणजे निनादच्या वर्गमित्राचे आजोबा, आणि कोकुम म्हणजे आजी. क्री लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आजी-आजोबांना तसंच म्हणतात, आम्हीही म्हणतो. मुशुमची ट्रॅपलाइन, म्हणजे रानातली सापळे लावायची वाट, तळ्याच्या वरच्या अंगाला आहे, बापाकडून आलेली. गेल्या जूनमधला वणवा तुला माहीत आहे, आम्ही सगळे गाव सोडून खाली गेलो होतो तेव्हा तू रोज फोन करत होतास. त्यात मुशुमची रानातली खोपी गेली. रॉबर्टसनचं दुकान गेलं, जिथे म्हातारा आयुष्यभर कातडी विकायला जायचा. पण बीव्हरच्या बांधामागचं पाणथळ रान तसंच हिरवं उभं राहिलं. मुशुम हे सांगताना दरवेळी थांबतो. या हिवाळ्यात तो तिथे परत गेला आणि दोन्ही पोरांना बरोबर न्यायला लागला.

निनाद नुसता ओझं वाहायला जातो असं आम्ही समजत होतो. मार्चमध्ये एक दिवस संध्याकाळी स्नोमोबाइलच्या मागच्या घसरगाडीवर बीव्हर घालून आला. सापळा मुशुमचा, पण बर्फ फोडून पाण्यातून बाहेर ओढला निनादने, म्हणून तो त्याचा पहिला धरला. पहिली शिकार आपल्या घरात ठेवायची नसते, वाटून टाकायची. पोराने हे मला इतक्या सहज सांगितलं, जसं आपण देवाला आधी नैवेद्य दाखवायचा म्हणून सांगू. मागची एक तंगडी कोकुमनेच आमच्याकडे पाठवली.

सोलणं मी शेजारी उभा राहून पाहिलं. मी औषधवाला माणूस, आधी हातमोजे घालायला लावले आणि काळीज तपासायला लावलं. टुलरेमिया नावाचा रोग असतो, त्यात काळजावर पांढरे ठिपके दिसतात. मुशुम हसला, ते त्याने माझ्याआधीच पाहिलं होतं. खरी हुशारी पुढे. शेपटाच्या बुडाशी कातडीखाली दोन पिशव्या असतात, आत पिवळट, उग्र वासाचा ऐवज. त्याने बीव्हर आपली हद्द आखतो. तिथे सुरीचं टोक लागलं तर वास मांसाला बसतो आणि मग ते धुवून जात नाही. मुशुमने त्या अख्ख्या काढून तारेला टांगल्या. अत्तरवाले पूर्वीपासून घेतात, आणि तो स्वतः सापळ्याला आमिष म्हणून लावतो. बीव्हर विलोच्या झाडाची साल खातो आणि तिच्यातलं औषध या पिशव्यांत उतरतं. मी रोज काउंटरवर ॲस्पिरिन विकतो ती त्याच कुळातली. जुन्या काळी युरोपात डोकेदुखीवर ह्याच पिशव्या देत. कॉलेजात शिकवलं असेल, पण खरं कळलं ते अंगणात.

वरची चरबी सगळी तासून काढायची, कारण झाडाच्या सालीचा वास असतो तो तिच्यात. मग रात्रभर मिठाच्या पाण्यात. मांस बोकडापेक्षा काळसर, बारीक धाग्याचं. कोकुम नुसतं कांदा-बटाटा-मीठ घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवते आणि बॅनकच्या जाड भाकरीबरोबर वाढते. मी काय केलं ते तू ओळखलंच असशील. कांदा-खोबरं भाजून वाटण, आईचा गरम मसाला, कुकरच्या शिट्ट्या, वर कोथिंबीर. घरात आपल्या पाली गावातल्या रविवारचा वास सुटला. चांगलं झालं होतं, सुनीताने परत वाढून घेतलं. कोकुमने एक घास खाल्ला आणि म्हणाली, छान आहे, पण यात बीव्हर कुठे आहे? मला ते पटलं. दुसऱ्या वेळी मी तिच्या पद्धतीने केलं, फक्त मीठ आणि थोडी मिरी, आणि मग पहिल्यांदा ती चव कळली. किंचित गोडसर, मागे ओल्या लाकडाचा वास. ठकीनेही कधी वाटण लावलं नव्हतं.

शेपूट मात्र वेगळंच असतं. चपटं, खवल्यांचं. उघड्या आगीवर धरतात, कातडी फुगते, तडतडते आणि भरताच्या वांग्यासारखी सुटून येते. आत पांढरी मऊ चरबी. थंडीत राबणाऱ्या माणसाला त्याची किंमत. ते म्हाताऱ्यांचं. पोरांना मिळत नाही, पाहुण्यांना मिळत नाही, घरातल्या मोठ्याला मिळतं. निनादच्या पहिल्या बीव्हरचं शेपूट कुणाला द्यायचं असं कोकुमने विचारलं, आणि या शहाण्याने सांगितलं, माझे आजोबा जूनमध्ये येतायत. झालं. तिने ते कागदात गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, तुझ्या वडिलांसाठी ठेवलंय. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

आता सांग. अण्णांच्या गळ्यात पंचावन्न वर्षांची माळ. कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. सुनीता म्हणते, सहा महिने घरात काही आणायचंच नाही, भांडी नवी घेऊ, कोकुमला सांगू की म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय, आणि अण्णांना काहीच सांगायचं नाही. तिची बाजूही मला कळते. अण्णांचं खाणंपिणं, औषधं सगळं तिच्याच गळ्यात पडणार. निनाद ऐकायला तयार नाही. तो म्हणतो, मी आजोबांना स्वतः सांगणार, मी काही चोरी केली नाही. आणि खोटं कारण सांगून शेपूट परत केलं तर मुशुमच्या घरात मी कुठल्या तोंडाने जाऊ? पंधरा वर्षांचं पोर, दत्ता, आणि मला उत्तर सुचेना. तो माझ्यापेक्षा बरा आहे, हे बघून बरंही वाटलं.

मी निनादच्या बाजूचा आहे. लपवायचं नाही. माझी काळजी अण्णा रागावतील ही नाही, रागावतील तर रागावतील. काळजी ही की ते काहीही न बोलता आमच्या स्वयंपाकघरातलं पाणीसुद्धा घेणं बंद करतील, आणि नातवाला वाटेल की आपण ज्याला मान समजत होतो ती घाण होती. माझं त्या शिमग्यापर्यंतचं झालं ते झालं. ते याच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

तू म्हणशील जीव घेण्यात मान कसला. २०११ साली बल्लाळेश्वराच्या पायरीवर बसून तू हेच बोलला होतास आणि आपण गणपती येईपर्यंत भांडत होतो. तेव्हा माझ्याकडे नुसता युक्तिवाद होता. आता डोळ्यांनी पाहिलंय. मुशुम एका घरातले सगळे कधीच काढत नाही, दोन-चार वर्षं त्या ओढ्याकडे फिरकतही नाही. मांस खाल्लं, कातडी ठेवली, पिशव्या ठेवल्या, आणि हाडं? हाडं कुत्र्यापुढे टाकायची नाहीत. कोकुमने ती ताटांतून एकेक वेचून घेतली आणि मुशुमने परत पाण्यात सोडली. माझ्या ताटातलं एक बारीक हाड राहिलं तर तिने थांबून मागून घेतलं. तुला पटावं असा माझा आग्रह नाही. फक्त पुढच्या वेळी भांडताना हे धरून भांड.

आणि एक, तुझ्या कामाचं. इथल्या क्री लोकांनी १८८९ साली सरकारबरोबरच्या सहाव्या तहावर सही केली, त्यात शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क लिहिलेला आहे. सरकारने तो किती पाळला हा वेगळा विषय, मुशुमला विचारलंस तर रात्र सरेल. पण निदान कागदावर आहे. तू वाडीचे वनहक्काचे दावे भरतोस त्या २००६ च्या कायद्यात नेमकं उलट, शिकारीचा पारंपरिक हक्क वगळून बाकीचे हक्क. ठकीच्या नातवाने साळिंदर धरलं म्हणून काय झालं ते तूच मला सांगितलंस. मी मुशुमला ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, त्याला सांग इकडे ये.

हो, तुझ्यासाठी एक पळवाटही सापडली आहे. सतराव्या शतकात क्युबेकच्या बिशपने विचारलं की उपवासाच्या चाळीस दिवसांत बीव्हर चालेल का. चर्चने उत्तर दिलं, पाण्यात राहतो, मासाच धरा. आपल्या नाना भटांच्या कानावर घाल, श्रावणाआधी घाल. पण अण्णांना मासाही चालत नाही, तेव्हा आपलं काम त्याने होत नाही.

काम होईल ते दुसऱ्या गोष्टीने, आणि म्हणून हे पत्र. अण्णा वाडीच्या शाळेवर होते तेव्हाची चिंबोऱ्यांची टोपली आठव. ठकीचा पोरगा चौथी पास झाला, तर तिने रात्रभर ओढ्यात हात घालून धरलेल्या चिंबोऱ्या गुरुजींसाठी आणल्या. आपण दोघं पडवीत होतो. आपल्याला वाटलं आता गुरुजी तिला परत पाठवणार. अण्णांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, तिला बसवून चहा दिला, आणि ती गेल्यावर टोपली तुझ्या आईकडे पोचवली. तुझ्या आईने कालवण केलं आणि ठकीला डबाही पाठवला. अण्णा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, ना तेव्हा ना नंतर.

मी कोकुमला हे सांगून पाहिलं. म्हटलं, माझे वडील मांस खात नाहीत, देवाला शब्द दिलाय, पण हातात घेतील आणि दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला देतील, चालेल का? ती म्हणाली, मग ते आणखी चांगलं, वाटलेलंच खरं. शेजारी एक पंच्याऐंशी वर्षांच्या बाई आहेत, त्यांना दात नाहीत, शेपूट त्यांना फार आवडतं. म्हणजे इकडची बाजू मोकळी आहे. तिकडची तू बघायची.

एखाद्या संध्याकाळी अण्णांबरोबर देवळापर्यंत चालत जा आणि सगळं सांग. निनादने आणला, आम्ही खाल्ला, जात उंदराची, काही गाळू नकोस. मग टोपलीची आठवण कर. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मुलगा सवलत मागतोय. तू माळकरी आहेस, रोज त्यांच्या शेजारी हरिपाठाला बसतोस, तुझं ऐकतील. आणि जमलं तर दोन उंदरांचंही सांगून टाक, तुझ्या शब्दाला वजन येईल.

तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन टाळू नकोस, मी फोटो पाहिले, टाळण्यासारखं नाही. मुक्ताच्या मुख्य परीक्षेचा निकाल लागला की लगेच कळव, पहाटे असला तरी. वहिनींच्या पापडांचं लिहायचं राहिलंच, पोचले, संपले. बांधाच्या केसचं पुढे काय झालं ते सविस्तर लिही, मी त्या वकिलाला फोन करायला तयार आहे.

अण्णांच्या बॅगेत आमसुलं दे, भरपूर. कोकुमला सोलकढी पाजायची आहे. आणि बोलणं झालं की रविवारी तुझ्या सकाळी फोन कर, आमची शनिवारची रात्र असते, मी जागाच असेन.

तुझा,
विलास

ता. क. अण्णा एकदम गप्प झाले तर घाबरून विषय बदलू नकोस. देवळापासून घरापर्यंतची परतीची वाट त्यांना गप्प चालू दे, आणि घराच्या पायरीवर पुन्हा विचार.