बाबांचा एमआरआय करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात परळच्या तुमच्या सेंटरमध्ये माझ्या बाबांच्या मानेचा एमआरआय झाला, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून शरीराच्या आतलं चित्र घेतात ती तपासणी. रिपोर्ट घ्यायला आले तेव्हा तुमची ड्यूटी नव्हती. काउंटरवर निरोप ठेवता आला असता, पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे उघड पत्र.

बाबांच्या डाव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या, हाताची पकड गेली होती, चहाचा कपसुद्धा धरवत नव्हता. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. आधी डोंबिवलीजवळच्या एका सेंटरमध्ये गेलो. टेबल आत सरकलं की बाबा थांबवा म्हणून सांगण्यासाठी हातात दिलेला रबरी बल्ब (फुगा) दाबायचे. छातीवर कोणी बसल्यासारखं होतंय म्हणाले. भूल देऊन करू असा पर्याय पुढे आला, पण बाबांचं हृदयाचं दुखणं जुनं, आई तयार होईना. मग घरी तो विषयच बंद झाला आणि हात दिवसेंदिवस कमजोर होत राहिला.

बाबा सेंट्रल रेल्वेचे निवृत्त मोटरमन. ठाणे आणि मुंब्र्यादरम्यानचा पारसिकचा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा. त्यातून आयुष्यभर फास्ट लोकल नेणारा माणूस एका नळीला घाबरतो, याची त्यांना फार लाज वाटत होती. शेवटी तुमच्याकडे आलो. तुमच्यासमोर ते हे कसंबसं बोलून गेले, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "काका, बोगद्यात तुम्हाला समोरचा रूळ दिसतो. इथे डोळ्यांपुढे चार बोटांवर छत असतं. भीती वाटणारच. आपण तुम्हाला समोरचं दिसेल असं करू." ताई, त्यांना इतक्या सरळपणे कुणी समजावलं नव्हतं. आम्ही घरचे नुसतं "काही होत नाही हो" म्हणत राहिलो होतो.

मग तुम्ही विचारलंत, काय बघायला आवडेल? बाबा म्हणाले, काहीही लावा. आई म्हणाली, त्यांना गाडीच दाखवा. तुम्ही कोकण रेल्वेच्या इंजिनातून काढलेला पावसाळ्यातला व्हिडिओ शोधून दिलात. अडचण चष्म्याची आली. बाबांची फ्रेम धातूची, आत चालत नाही, आणि चष्म्याशिवाय त्यांना लांबचं सगळं धूसर. तुम्ही कपाटातून एक डबी काढलीत. तिच्यात प्लास्टिकची फ्रेम आणि वेगवेगळ्या नंबरांची भिंगं. एकेक भिंग लावून "आता? आता?" विचारत तुम्ही त्यांच्या नंबराच्या जवळचं बसवलंत. बाहेर पुढचे पेशंट थांबले होते, तरी तुमच्या आवाजात घाई नव्हती.

मी आपली विचारत होते की एवढ्या खटपटीपेक्षा भिंतीवर टीव्ही का नाही लावत? तेव्हा तुम्ही जे सांगितलंत, त्याबद्दल मी नंतर बरंच वाचलं. १.५ टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकाचा जोर मोजायचं माप) यंत्रातला चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट जोरदार, आणि तो रात्रंदिवस चालूच असतो. २०१८ मध्ये आपल्याच मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला गेला आणि पेशंटबरोबर आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. साध्या टीव्हीत लोखंड असतं, शिवाय त्यातून निघणाऱ्या रेडिओलहरी स्कॅनमध्ये मिसळून चित्र बिघडवतात. त्या लहरी बाहेरून येऊ नयेत म्हणून तर अख्खी खोली तांब्याच्या पत्र्यानं मढवतात. म्हणून चित्र ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपात, आतल्या खास पडद्यापर्यंत न्यायचं आणि पेशंटच्या डोळ्यांवर तिरका आरसा बसवायचा. उताण्या झोपलेल्या माणसाला मग छताऐवजी नळीच्या बाहेरचा पडदा दिसतो. हेडफोनमध्येही लोखंडी चुंबक चालत नाही, त्यामुळे आवाज प्लास्टिकच्या नळीतून हवेवाटे कानात येतो. आणि हे सगळं त्या ठकठकाटावर मात करून! यंत्राच्या आतल्या कॉइलमधला, म्हणजे तारांच्या वेटोळ्यांमधला, विद्युतप्रवाह भराभर बदलतो, त्या थरथरतात, आणि आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो.

३ जुलै १९७७ रोजी अमेरिकन डॉक्टर रेमंड डमेडियन यांच्या यंत्रात माणसाच्या शरीराचं पहिलं एमआरआय स्कॅन झालं, त्याला जवळजवळ पाच तास लागले होते. त्या माणसापुढे बघायला काय असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे १९९०च्या दशकात मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना आत झोपलेल्या माणसाला चित्रं दाखवायची होती, म्हणून पडदा आणि आरसा आला. ज्यांनी तेच साधन घाबरलेल्या पेशंटसाठी वापरायचं ठरवलं, त्या सगळ्या इंजिनिअरांचेही मी या पत्रातून आभार मानते. याला करमणूक किंवा चैन म्हणणं मला पटत नाही. यंत्राचं तोंड साठऐवजी सत्तर सेंटीमीटरचं केलं म्हणून भीती जात नाही. आणि घाबरलेला माणूस हलतो. मानेच्या स्कॅनमध्ये नुसता आवंढा गिळला तरी चित्र बिघडतं, म्हणजे तोच भाग पुन्हा करा. लहान मुलांना तर केवळ स्थिर राहावं म्हणून भूल द्यावी लागते. त्यांच्यातल्या थोड्यांची जरी ती टळली, तरी हा खर्च सार्थकी लागला असं मी म्हणेन.

बाबांनी अर्ध्या तासात एकदाही बल्ब दाबला नाही. मधल्या मधल्या विश्रांतीत तुमचा आवाज त्यांना ऐकू येत होता: "काका, आता चार मिनिटांचा आहे. आवंढा गिळून घ्या, मग सुरू करते." बाहेर आल्यावर ते स्कॅनबद्दल काही बोललेच नाहीत, रत्नागिरीपुढच्या एका सिग्नलबद्दल बोलत होते. आईनं डोळे पुसले ते तुम्ही पाहिलंत.

मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती नसेवर दाबत होती. ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी सुरू आहे आणि बाबा परवापासून कप डाव्या हातात धरायला लागले आहेत.

एक विनंती. फोनवर अपॉइंटमेंट देताना तुमच्याकडे आरसा, पडदा आणि भिंगं आहेत हे लोकांना आवर्जून सांगा. बाबांसारखे कितीजण घाबरून घरी बसले असतील, त्यांना अशी सोय असते हेच ठाऊक नसतं. तुमच्या व्यवस्थापकांना या पत्राची प्रत दिली आहे आणि चष्म्याच्या डबीबद्दल त्यात वेगळं लिहिलं आहे. त्या डबीत भिंगं कमी पडत असतील तर त्यांनी ती मागवून द्यावीत, एवढंच त्यांच्याकडे मागणं आहे.

आपली कृतज्ञ,
एका मोटरमनची मुलगी, डोंबिवली