हात गरम करून मग साप उचलणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

तुझं नाव इथे लिहीत नाही. "लिहायचंच असेल तर लाडूबद्दल लिहा काकू, माझं नाव नको," असं तू जिना उतरताना म्हणालीस, म्हणून. वयाने तू माझ्या थोरल्या भाचीएवढी असशील. पण आमचा मुलगा तुला ताई म्हणतो, त्यामुळे आता घरात सगळ्यांचीच तू ताई झालीस. सासूबाईंचीसुद्धा.

लाडू सापडून आज अकरा दिवस झाले. रोज रात्री लिहायला बसते आणि दोन ओळींत डोळे भरून येतात. एका सापासाठी एवढं काय, असं बरेच जण विचारतात. दोन वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं असतं. मुलाने तो आणला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. आपल्याकडचा साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे एवढं मला माहीत होतं, त्यामुळे पहिलं भांडण त्यावरूनच झालं. हा बॉल पायथन, मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी. २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंदही केली, सगळे कागद मुलाने माझ्यासमोर मांडले. घाबरला की हा अंगाचं गोल वेटोळं करतो आणि डोकं मधे लपवून बसतो. ते वेटोळं बघून सासूबाई म्हणाल्या, "हा तर लाडू वळलाय." तेव्हापासून तो लाडू. माझी अट एकच होती, मुलाच्या खोलीबाहेर त्याने यायचं नाही. दोन वर्षांत मी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

आणि मग डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळी त्याची पेटी रिकामी दिसली. काचेचं दार बोटभर उघडं. आदल्या रात्री मुलाने पाणी बदललं होतं, दुसऱ्या दिवशी परीक्षा, घाईत खिट्टी बसली नाही.

त्या नऊ दिवसांबद्दल खरं तर लिहायचं नव्हतं. पण ते लिहिल्याशिवाय तू काय केलंस ते कुणाला कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकाला बोलावलं. स्वतःला सर्पमित्र म्हणवतो, कुणीतरी नंबर दिला होता. त्याने दारातच मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला, बूट न काढता आत आला, मुलाच्या खोलीतलं कपाट ओढलं, त्यामागे काठी घालून ढोसलं. काठी आत कशाला लागेल याचा विचारसुद्धा नाही. मुलाने लाडूचा फोटो दाखवला तर ओझरतं बघून म्हणाला, "घोणसच दिसतेय." घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, ह्याच्या अंगावर तसं काही नाही, हे माझा मुलगा त्याला परत परत सांगत होता. त्याने ऐकलं नाही. पैसे घेतले आणि गेला. संध्याकाळी तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, "सी विंगमध्ये घोणस, मुलांना खाली सोडू नका."

लोकांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या दंशाने माणसं दगावतात. आमच्या सोसायटीच्या मागे अजून शेतं आहेत, पावसाळ्यात खरी घोणस पार्किंगपर्यंत आलेली मी पाहिली आहे. ज्यांच्या घरी रांगती पोरं आहेत त्या आया घाबरणारच, मीही घाबरले असते. पण मग एकाने तरी दार वाजवून विचारायचं होतं. कुणी आलं नाही. कमिटीने डक्टमधे आणि आमच्या पॅसेजमधे फिनाईल ओतवलं. त्याच्या वासाने साप पळतो ही समजूत खोटी आहे आणि अंगाला लागलं तर त्याला इजा होते, हे मला तू नंतर सांगितलंस. चौथ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर बाहेर भिंतीला दोन काठ्या टेकवून ठेवलेल्या होत्या. कुणी ठेवल्या ते आजही माहीत नाही. मुलाने त्या बघितल्या, काही न बोलता आत गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

ज्या दुकानदाराकडून लाडू घेतला होता त्याला ह्यांनी फोन केला. "मिळत नसेल तर सोडून द्या, दुसरा स्वस्तात देतो," एवढंच बोलला. पुढचे फोन उचललेच नाहीत.

आणि घरातले? आम्ही काही कमी नव्हतो. ह्यांनी विचारलं, मी विचारलं, गावाहून दिरांनी फोन करून विचारलं, "दार शेवटी कुणी लावलं होतं?" उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

तू आठव्या दिवशी रात्री दहाच्या सुमारास आलीस. दिवसभराची नोकरी, मग दुसरीकडे एक साप सोडवून, मग आमच्याकडे. चपला दाराबाहेर काढल्यास. सासूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, त्यांना आधी नमस्कार केलास. मग मुलाकडे वळून विचारलंस, "नाव काय त्याचं?"

आठ दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"लाडू," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. तू ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलंस, पुढचा प्रश्न त्याच नावाने विचारलास. लाडू शेवटचं कधी जेवला, कात टाकायला झाला होता का, दिवसा कुठल्या कोपऱ्यात बसतो. दार कुणी लावलं होतं, हे तू विचारलं नाहीस. त्या रात्री नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. मी वाट बघत होते, ताई. मनात उत्तरही तयार ठेवलं होतं, त्याच्या बाजूने बोलायचं म्हणून. तुला त्याची गरजच पडली नाही.

"उपाशी मरेल का तो?" मुलाने विचारलं. तू म्हणालीस, "नाही रे. हे महिनामहिना खात नाहीत. मला काळजी थंडीची आहे." आणि लगेच, "मिळेलच असं सांगत नाही. पण हे फार लांब जात नाहीत, बहुतेक घरातच असेल." खोटा धीर दिला नाहीस. म्हणूनच तो आम्हाला पुरला.

जाताना तांदळाची पिठी सगळ्या उंबऱ्यांपाशी आणि स्वयंपाकघरात पातळ पसरायला सांगितलीस. सकाळी सहा वाजता मी दिवा लावला तर पिठीत रेघ उमटली होती. साप म्हणजे नागमोडी खूण असेल असं मला वाटलेलं. ही सरळ, जाड, लाटणं ओढत नेल्यासारखी. थेट फ्रिजच्या खाली गेलेली. मी तिथेच मटकन बसले. ज्या फ्रिजमधून नऊ दिवस दूध काढत होते, भाजी ठेवत होते, त्याच्याच मागे, कॉम्प्रेसरच्या वर पाण्याची तबकडी असते तिथल्या उबेत तो बसला होता. त्या फ्रिजच्या मागे आम्ही दोनदा टॉर्च मारला होता.

ह्यांनी फ्रिज ओढायला हात घातला. मुलाने तुला फोन लावला आणि तू म्हणालीस, "अजिबात नको. चिरडेल. मी रात्री येते, तोवर फ्रिज चालूच राहू दे."

रात्रीचं सगळं सांगत नाही. फ्रिज बंद केलास, शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळून ओट्याखाली ठेवलीस, दिवे घालवलेस आणि आम्ही फरशीवर बसून राहिलो. तू, मी आणि मुलगा. दीड तास. फरशी इतकी गार होती की माझे गुडघे धरले. तू मधेच उठून स्वतःखालची सतरंजीची घडी माझ्याकडे सरकवलीस.

बारा वाजून गेले होते. आधी जीभ दिसली, मग डोकं. मग एकेक इंच करत सगळा लाडू पिशवीकडे निघाला. मुलगा पुढे झेपावणार तेवढ्यात तू नुसतं बोट वर केलंस, तो थांबला. लाडू टॉवेलावर चढला, वेटोळं केलं. आता उचलायचं फक्त बाकी होतं. नऊ दिवसांनी समोर होता, हातभर अंतरावर. मी असते तर झडप घातली असती.

तू उठून सिंकपाशी गेलीस आणि साबणाने हात धुतलेस. संध्याकाळी दुसरा साप हाताळला होता, त्याचा वास नको म्हणून. नळाचं पाणी डिसेंबरचं, बर्फासारखं. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलंस, "काकू, थर्मासमधे चहा आहे का अजून?"

मला वाटलं, तुला प्यायचा आहे. बिचारी दमली असेल. मी कप भरून दिला. तू तो ओठांना लावलाच नाहीस. दोन्ही तळव्यांत धरून उभी राहिलीस. मधेच तळवा गालाला लावून बघितलास, परत कपाभोवती धरलास. मी विचारलं, "काय करतेस?" तर म्हणालीस, "हात गार आहेत माझे. असा हात लावला तर दचकेल तो."

ताई, मी हे पत्र त्या कपासाठी लिहितेय.

काठ्या, फिनाईल, व्हिडिओ, सगळ्या चौकश्या, आणि त्या नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी लाडूला काय वाटेल याचा विचार केला. तोही रात्री साडेबारा वाजता, सकाळी सातला कामावर हजर व्हायचं असताना. तू दोन मिनिटं लवकर उचललं असतंस तरी आम्ही तुझे आभारच मानले असते. कुणाला कळलंही नसतं. अंधारच होता.

माझी आजी भोरकडची. गल्लीतल्या कुणाचंही बाळ असो, तेल लावायच्या आधी ती शेगडीवर हात धरायची आणि स्वतःच्या मानेला लावून बघायची. ते मी पन्नास वर्षांत विसरून गेले होते. अंधारात तुझा तळवा गालाला टेकलेला दिसला आणि ती आठवली.

मी पुण्याचीच. कात्रजचं सर्पोद्यान उभं करणारे नीलमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले होते, ती गोष्ट बाबा आम्हाला जेवताना सांगायचे आणि आमचा घास हातात राहायचा. तेव्हापासून साप धरणारं माणूस म्हणजे छातीचं, एवढंच मला ठाऊक होतं. तुझीही छाती मोठी असेलच, नागही धरतेस तू. मला त्या रात्री दिसला तो तुझा सांभाळून वागण्याचा स्वभाव. चपला बाहेर काढण्यापासून मुलाचा भरून आलेला आवाज झाकण्यापर्यंत तो सगळीकडे होता. असा स्वभाव असलेली माणसं दाराशी आली की घर कसं आपोआप शांत होतं, ते मी त्या रात्री अनुभवलं. कमिटीतल्या लोकांनीही ते एकदा बघावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यावर राग आहे, पण तो लिहिता लिहिता कमी होतोय.

मग तू कप माझ्या हातात दिलास. "तुम्हीपण गरम करा." मी म्हटलं, "मी कशाला?" तू मुलाकडे बघितलंस, तो ओलेत्या डोळ्यांनी हसला. आणि तू लाडूला टॉवेलासकट उचलून, खालून आधार देत, आधी माझ्या ओंजळीत ठेवलंस. "डोक्याला हात नका लावू. नुसतं धरून राहा."

मला वाटायचं साप बुळबुळीत असतो. तो कोरडा होता, गुळगुळीत, जुन्या रेशमी काठासारखा. जड होता. पाठ गार आणि पोट पिशवीवर बसून जरा कोमट झालेलं. आधी त्याने डोकं लपवलं, लाडू झाला. किती वेळ गेला माहीत नाही. मग ते डोकं हळूच बाहेर आलं आणि माझ्या मनगटावर टेकलं. माझी दोन वर्षांची भीती कुठे गेली, मला कळलं नाही.

सकाळी मुलाने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सासूबाई पलंगावरून उतरून त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि लांबूनच "आला का रे बाबा" म्हणाल्या. लाडूने परवा पहिल्यांदा खाल्लं. पेटीला आता दोन खिट्ट्या आहेत, आणि रात्री त्या मी बघते.

तू पैसे घेतले नाहीस. पेट्रोलचेही नाही. खूपच मागे लागले तेव्हा म्हणालीस, "जुने उशांचे अभ्रे असतील तर द्या काकू. साप ठेवायला पिशव्या लागतातच." त्या वेळी घाईत तीन सापडले, ते दिले. पण ते विरलेले होते, मला चैन पडेना. म्हणून मशीन काढून नवीन बारा शिवलेत, मांजरपाटाचे. चार मोठे आहेत, धामणीसाठी. शिवण दुहेरी घातली आहे आणि ती बाहेरच्या बाजूला ठेवलीय, आतले दोरे सापाच्या दातात किंवा खवल्यांत अडकतात असं मुलगा म्हणाला. तोंडाला गाठ मारता यावी म्हणून लांबी वीतभर जास्त घेतली आहे. एकदा धुऊन खळ काढली आहे.

रविवारी घेऊन येतो. नसलीस तर तुझ्या आईकडे ठेवून जाऊ.

तुझी,
लाडूच्या घरची काकू