तंजावरचा दिवस आईला मिळाला, त्याबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागले, तर तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत चहा टाकायला उठलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. आत्ता ठाण्यात कितीतरी घरांत आईवडिलांसाठी दक्षिणेची टूर शोधणं चालू असेल. तुम्ही आम्हाला काय दिलंत ते त्यांनाही कळू दे. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे मला माहीत आहे.

आमच्याकडे तेव्हा सरळ दोन पक्ष होते. दादा म्हणायचा, आईचे गुडघे बघता ग्रुप टूरच हवी. बॅगा उचलायला माणसं, गरम जेवण, बरोबर टूर मॅनेजर. मी म्हणायचे, आपण आपलं जाऊ, हवं तिथे थांबू. आयुष्यभर टूर मॅनेजर म्हणून बसमध्ये उभे राहिलेले तुम्ही दादाची बाजू घ्याल अशी माझी खात्री होती. तुम्ही आम्हा दोघांकडे पाहिलंही नाही. आईला विचारलंत, "बाई, तुम्हाला तिथे जाऊन नेमकं करायचंय काय?"

आई म्हणाली, "तंजावरच्या देवळातलं मराठी वाचायचंय."

शाळेत इतिहास शिकवताना ती दरवर्षी मुलांना सांगायची, की शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं, ते १८५५ पर्यंत टिकलं, आणि त्यांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या दगडी भिंतीवर मराठीत कोरून घेतला. तिने तो स्वतः कधी पाहिला नव्हता. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारलंत.

मग तुम्ही टूरचं माहितीपत्रक पुढे ओढलंत आणि लाल पेन्सिल मागितलीत. मोठ्या अक्षरांतली शहरांची नावं सोडून दिलीत आणि फक्त रात्रीच्या मुक्कामांवर गोल केलेत. तंजावरवर गोल पडला नाही. तिथे फक्त थांबा होता, त्रिचीहून मदुराईला जाताना. तुम्ही बसचे तास मांडून दाखवलेत. सकाळी आवरून बस निघणार, तंजावरला पोचेपर्यंत ऊन चढलेलं. दक्षिणेतली बहुतेक देवळं दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद, म्हणजे दर्शनाची घाई. तोवर अंगणातली फरशी इतकी तापते की पाय ठेववत नाही. "यात बाईंच्या वाट्याला शिखराखालचा फोटो येईल. वाचन नाही," तुम्ही म्हणालात. ज्या धंद्यात उमेदीची वर्षं घालवली त्याबद्दल इतकं सरळ बोलायला मन मोठं लागतं.

पण तुम्ही माझीही बाजू घेतली नाहीत. रामेश्वरमला बावीस तीर्थांचं स्नान, ओल्या कपड्यांनी चालणं, मदुराईला मीनाक्षीच्या देवळात मोबाइल नेता येत नाही म्हणून तो बाहेर जमा करणं, चपलांचा स्टँड, एवढ्या गर्दीत आईला एकटीने सांभाळशील का, असं मला विचारलंत. ग्रुपमध्ये तिच्या वयाच्या बायका भेटतील, त्या तुझ्यापेक्षा चांगली सोबत करतील, हेही म्हणालात. ते पुढे शब्दशः खरं ठरलं. ग्रुप टूरला जाणाऱ्यांना मेंढरं म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचा मला आता राग येतो. आमच्या बसमध्ये नवरा गेल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली एक बाई होती. तिला रोज संध्याकाळी कोणीतरी "जेवलात का?" विचारत होतं. तेवढं एकट्याच्या प्रवासात कुठून मिळणार?

वाट तुम्हीच काढलीत. जॉइनिंग-लीव्हिंग नावाची सोय असते, ग्रुपला परस्पर पहिल्या नाहीतर मधल्या शहरात गाठायचं आणि विमानाचे पैसे वजा करून घ्यायचे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तंजावर आपलं आपण, मदुराईपासून पुढे रामेश्वरम आणि कन्याकुमारी ग्रुपबरोबर. खर्च थोडा वाढला, तुम्ही तो आधीच कागदावर मांडला होतात. चेन्नईच्या एग्मोर स्टेशनहून रात्री सुटणारी उळवन एक्सप्रेस सकाळी तंजावरला सोडते, हे सांगितलंत. आईचं तिकीट वेगळं काढायला लावलंत, म्हणजे ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ मिळू शकतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या सकाळी तुमचा फोन आला, "काढलंस का?" गाइड ओळखपत्र बघून घे, पैसे आणि वेळ आधी ठरव, मोजे दोन जोड ठेव. मी सगळं वहीत लिहून घेतलं होतं.

आता तो दिवस सांगते, कारण तो तुमचा आहे.

सकाळी लवकर आत गेलो. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेलं देऊळ, दोनशे फुटांहून उंच विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, समोर तो प्रचंड नंदी. आईने सगळं बघितलं, नमस्कार केला, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तुम्ही म्हणालात तसा गाइड खरोखर चांगला मिळाला. त्याने आम्हाला प्राकाराच्या, म्हणजे देवळाभोवतीच्या आवाराच्या, भिंतीपाशी नेलं आणि तो गप्प राहिला. ओळीमागून ओळी, काही अक्षरं झिजलेली. आईने चष्मा पुसला आणि हळूहळू मोठ्याने वाचू लागली. शहाजीराजांचं नाव लागलं तेव्हा तिचा आवाज वर्गातला झाला. कोल्हापूरकडचं एक कुटुंब पाठीमागे येऊन उभं राहिलं, मुलं प्रश्न विचारू लागली, आणि माझी निवृत्त आई पुन्हा बाई झाली. दुपारी खोलीवर विसावा घेतला आणि उन्हं उतरल्यावर तिने पुन्हा तिथेच जायचा हट्ट धरला. राहिलेलं वाचायचं होतं! आम्ही गेलो. कोणी शिटी वाजवत नव्हतं, कोणाची बस उभी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरस्वती महाल ग्रंथालय. सरफोजीराजांनी वाढवलेला संग्रह, तमिळ, संस्कृत, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं, मोडी लिपीतले कागद. तिथल्या छोट्या संग्रहालयात एकेका काचेपाशी ती थांबली. मग गाडी करून मदुराईला ग्रुपला जाऊन मिळालो आणि रात्रीच्या जेवणाला आईने सगळ्या टेबलाला तंजावर सांगितलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते दोन दिवस आधी पाहिलेलं होतं, तरी ऐकत बसले.

काका, हे तुम्ही पैसे न घेता केलंत, आपल्या संध्याकाळी खर्च करून केलंत. आई बरी असताना हे झालं, याचं मोल माझ्यापाशी शब्दांत नाही.

आता एक मागणं. आमच्या बिल्डिंगमध्ये तुमच्या लाल पेन्सिलीची गोष्ट पसरली आहे. वरच्या जोशीकाकू ओडिशाचं माहितीपत्रक घेऊन बसल्या आहेत, पलीकडच्या विंगमधल्या आजोबांना एकट्याने हंपी-बदामी करायचं आहे. एखाद्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये तासभर याल का? हॉलचं, खुर्च्यांचं आणि चहाचं मी बघते. तुम्ही फक्त वार सांगा.

तुमची,
नौपाड्यातल्या बाईंची लेक