एकजूट फुटपाथवरची

रविवारच्या पुरवणीत, शहर बदलण्यासाठी सर्व चर्चना एकत्र येण्याची हाक देणाऱ्या ख्रिस्ती नेत्यावरचा लेख वाचला. हाक मान्य, पण लेखात कौतुक झाले ते संयुक्त प्रार्थनासभांचेच. बॉस्टनचा अनुभव निराळा आहे.

मे १९९२ मध्ये तेथील मॉर्निंग स्टार बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधी चालू असतानाच टोळीतल्या पोरांनी एका तरुणावर हल्ला केला. त्यातून यूजीन रिव्हर्स, रे हॅमंड, जेफ्री ब्राउन आदी पाळकांची 'टेनपॉइंट कोअलिशन' ही आघाडी उभी राहिली. तिघांचे ख्रिस्ती पंथ वेगळे: एक पेंटेकोस्टल, दुसरा मेथॉडिस्ट, तिसरा बॅप्टिस्ट. १९७० साली नागपुरात सहा चर्च मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, तसे विलीनीकरण इथे लागलेच नाही. शुक्रवारी रात्री १० ते २ बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातल्या रस्त्यांवर पायी फिरायचे आणि सुरुवातीला उपदेश न करता मुलांचे नुसते ऐकायचे, हे काम. ज्या पोलिसांवर जाहीर टीका केली, त्यांच्याशीही पुढे जमवून घेतले.

१९९० मध्ये शहरात १५२ खून झाले होते. १९९९ मध्ये ३१. श्रेय एकट्या चर्चचे नव्हे, पोलीस व प्रोबेशन अधिकाऱ्यांची (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्यांची) 'ऑपरेशन सीजफायर' ही टोळ्यांच्या हिंसेविरुद्धची मोहीमही त्यात होती. पुढे पाळकांत बेबनाव झाला, मोहीम मंदावली आणि २००५ मध्ये आकडा पुन्हा ७५ वर गेला.

लेखातल्या नेत्याच्या आराखड्यात कोणत्या चर्चकडे कोणता वार, कोणती गल्ली, हे ठरले आहे का? तेवढे तरी छापायला हवे होते.

– एक वाचक, पुणे