डिचोलीच्या बाजारातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

भर पावसात काकांना घेऊन तुमच्या दुकानात आलो होतो, तो मी. गर्दीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्यापर्यंत कुणी ना कुणी पोचवेलच.

काकांच्या फोनात 2014 पासूनच्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, घुमट आरत्या आहेत (घुमट हे आमचं मातीच्या मडक्याचं तालवाद्य, त्याच्या साथीने म्हटलेल्या आरत्या). सगळे मिळून 22 जीबीचे व्हिडिओ. त्यात शामेळावर, म्हणजे घुमटाच्या जोडीच्या काठ्यांनी वाजवायच्या वाद्यावर, बसलेल्यांपैकी काहींचे हात आता चालत नाहीत, आणि ज्या चालीत ते आरती उचलायचे ती चाल आमच्या पोरांना शिकायची आहे. म्हणून ते व्हिडिओ त्या फोनातून बाहेर काढायचे होते. फोन अँड्रॉइड 4.4 चा. मेमरी कार्डाला जागा नाही. चार्जिंगची पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्ज होणार आणि केबल लावली तर कॉम्प्युटर ओळखही दाखवत नाही. गावातली रेंज अशी की 22 जीबी नेटवर चढवायचं म्हटलं तर पुढची चवथ उजाडेल. आधी एका दुकानात ‘बोर्ड काढावं लागेल, फोन ठेवून जा’ म्हणाले, तेव्हा काकांनी फोन उचलून खिशात घातला आणि ‘फोन हांगाच रावतलो’ (फोन इथेच राहील) म्हणत खिशावर हात ठेवला. विषय संपला.

तुम्ही फोन ठेवून घेतला नाही. ‘घरी आणखी एखादा जुना फोन आहे का?’ एवढंच विचारलंत. माझा होता, कपाटात पडलेला, पण कार्ड बसणारा. मग कॅल्क्युलेटर पुढ्यात ओढून दाखवलंत: ब्लूटूथने सेकंदाला जेमतेम पाव एमबी, म्हणजे 22 जीबीला अख्खा दिवस आणि रात्र. वायफायने सेकंदाला चार एमबी धरले तरी दीड तास. काकांना हिशेब पटला. माझं म्हणणं वेगळं होतं, की घरात राउटर आहे, त्यावरून पाठवतो. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी आता गावभर सांगत फिरतो: ‘दादा, राउटरवरून पाठवणं म्हणजे डिचोलीहून साखळीला जायला म्हापशाची बस धरणं. प्रत्येक तुकडा आधी राउटरकडे जाणार, मग तिथून दुसऱ्या फोनकडे. एकाच हवेतून दोनदा. वेग निम्म्यावर येतो.’

म्हणून काकांच्याच फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा आणि माझा फोन त्याला जोडायचा. मोबाइल डेटा बंद. हॉटस्पॉट म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना रिचार्ज संपायची धास्ती. नेट नसतानाही दोन फोन आपापसात बोलू शकतात हे मला तरी त्या दिवशी कळलं. फाइल पाठवायची नेहमीची ॲप्स का चालणार नाहीत, तेही तुम्ही दोन वाक्यांत उरकलंत. शेअरइट आणि झेंडर चिनी ॲप्सवरच्या जून 2020 च्या बंदीत गेली. गूगलच्या क्विक शेअरला अँड्रॉइड 6 तरी लागतं. उरला जुनाजाणता एफटीपी, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात फाइल पाठवायची जुनी पद्धत. त्याचं छोटं ॲप तुम्ही काकांच्या फोनात ब्लूटूथने घातलंत, काही एमबीच तर होतं. आणि लगेच ब्लूटूथ बंद करायला लावलंत, कारण तेही 2.4 गिगाहर्ट्झवर आणि या फोनांचं वायफायही तिथेच. दोघांची आपसांत अडचण होते.

माझ्या वहीत तुमच्या सूचना अजून आहेत. स्क्रीन बंद झाली तरी वायफाय झोपता कामा नये, ती सेटिंग ‘नेहमी चालू’ ठेवायची. माझा फोन ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुरेल, त्याला जोडलेलंच राहायला सांगायचं. कव्हर काढून दोन्ही फोन पंख्याखाली लादीवर, शेजारी शेजारी. सगळ्या व्हिडिओंची एकच झिप करू नये: व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, जागा वाचत नाही, मध्ये तुटलं तर सगळं पहिल्यापासून, आणि कार्ड फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. आणि कॉपीच करायची, मूव्ह नाही. हे तुम्ही काकांकडे बघून म्हणालात, तेव्हाच त्यांचा हात खिशावरून निघाला.

घरी बसलो. एका वर्षाची चवथ, मग पुढची, अशा क्रमाने. मध्येच वीज गेली, राउटर मेला, पण आमचं काम दोन बॅटऱ्यांवर चाललं होतं, त्याला काही झालं नाही. दीड तासापेक्षा बराच जास्त वेळ लागला. काकांचा फोन तापला की त्याला विसावा द्यावा लागे. शेवटी दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि बाइट्स ताडून पाहिले. जुळले. एक गंमत झाली. माझ्या फोनात सगळ्या व्हिडिओंवर त्याच दिवसाची तारीख पडली. पण फाइलच्या नावात 20140829 शाबूत होतं, आणि 29 ऑगस्ट 2014 ला चवथच होती. काका म्हणाले, ‘त्या दिवशी माटोळीतलं तोरिंजन माझ्या डोक्यात पडलं होतं.’ (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, तोरिंजन हे त्यातलं एक फळ.) व्हिडिओ लावला. खरंच पडतं.

आता या आरत्या मंडळातल्या आणखी दोघांच्या फोनात आहेत. त्या मी याच पद्धतीने दिल्या, कसं करायचं ते कुणाला न विचारता. ताई, दुसरा फोन विकायची संधी तुमच्यासमोर होती. निदान घसघशीत बिल तरी करता आलं असतं. तुम्ही अर्धा तास उभ्याने समजावलंत आणि पैसे विचारले तर ‘काम तर तुम्हीच करणार’ म्हणालात. मनापासून आभार.

चवथ झाल्यावर काका तो फोन घेऊन तुमच्याकडेच येणार आहेत, चार्जिंगची पिन बदलून घ्यायला. त्यांनी स्वतःहून ठरवलंय. त्या कामाचे पैसे मात्र घ्यावे लागतील.

आपला,
घुमट आरतीत कासाळे वाजवणारा एक जण