आई-बाबा, पुढच्या उन्हाळ्यात बेसबॉल बघायला या

तीर्थरूप आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं की आधी त्यातला पुठ्ठ्याचा लिफाफा उघडा. आत थोरल्याने पेन्सिलीने भरलेलं एका सामन्याचं स्कोअरकार्ड आहे, ते बाबांसाठी. बाकीच्या वस्तू आईने सवडीने बघाव्यात. फोनवर सहलीबद्दल तुटक तुटक सांगितलं, पण मुलं मधेच फोन ओढून घेतात आणि तुमची निजायची वेळ झालेली असते. म्हणून सविस्तर लिहितेय. शिवाय मला तुमच्याकडून एका गोष्टीला होकार हवाय. तो फोनवर मिळत नाही, "बघू" मिळतं.

मुलांना सुट्टी लागल्यावर गाडी काढली आणि न्यू जर्सीहून बॉल्टिमोर, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, शिकागो असं बेसबॉलची मैदानं बघत गेलो. येताना वाट वाकडी करून कूपर्सटाउनचं बेसबॉलचं संग्रहालय केलं. इथे अशी सहल बरीच कुटुंबं करतात. मेजर लीगचे, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या स्तरावरच्या बेसबॉलचे, ३० संघ, बहुतेक प्रत्येकाचं स्वतःचं मैदान, आणि मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघाचे १६२ सामने. त्यातले निम्मे घरच्या मैदानावर. त्यामुळे उन्हाळ्यात मोठ्या शहरात गेलं की सामना सापडतोच. आणि कुठलीही दोन मैदानं सारखी नसतात, ही मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट. मधला चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यांवरचे बेस, म्हणजे धावताना गाठायचे थांबे, यांची मापं ठरलेली आहेत, पण सीमेची भिंत किती लांब, किती उंच, ते ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून.

बॉल्टिमोरचं कॅमडेन यार्ड्स १९९२ साली उघडलं. त्याआधी इथे काँक्रीटची मोठाली गोल स्टेडियमं बांधायची पद्धत होती, अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही त्यातच उरकायचे. बॉल्टिमोरने भर शहरात, जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर, विटांचं आणि पोलादी तुळयांचं मैदान बांधलं. शेजारचं हजार फुटांहून लांब असं रेल्वेचं गोदाम पाडलं नाही, तसंच ठेवलं. पुढे देशभर तसलीच मैदानं उभी राहिली. गोदाम आणि मैदान यांच्यामधल्या रस्त्यावर कुणी होम रन (आपल्या षटकारासारखा सीमेपलीकडचा फटका) मारून चेंडू पोचवला, की तो पडला तिथे फरशीत पितळेची चकती बसवतात. धाकटी एका चकतीवरून दुसरीवर उड्या मारत नावं वाचत होती. गोदामाच्या भिंतीवर मात्र सामन्यात कुणालाच थेट चेंडू मारता आलेला नाही. केन ग्रिफी ज्युनियरने १९९३ मध्ये मारला, पण तो होम रनच्या स्पर्धेत.

बाबा, तिथून चालत काही मिनिटांवर बेब रूथ या बेसबॉलच्या थोर खेळाडूचं जन्मघर आहे. १८९५ चा जन्म. त्याच्या वडिलांचा गुत्ता होता ती जागा तर आता मैदानातच आली आहे. १९३२ मध्ये ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता, तेव्हा न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये हे दोघे भेटले होते. आणि याच ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध १९४८ मध्ये ॲडलेडला आपल्या सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी दोन्ही डावांत शतकं काढली. तुम्ही ती हकीकत जेवताना मला सांगायचात, मी ती बॉल्टिमोरच्या फुटपाथवर उभी राहून थोरल्याला सांगितली. त्याने हजाऱ्यांचं नाव वहीत लिहून घेतलं.

आई, तुला तिथला खेळाडू कॅल रिपकेन आवडला असता. ६ सप्टेंबर १९९५ ला याच मैदानावर तो सलग २,१३१ वा सामना खेळला आणि त्यानंतरही थांबला नाही, २,६३२ पर्यंत गेला. तू तापातसुद्धा शाळा बुडवायची नाहीस ते मला तिथे सारखं आठवत होतं. बॉल्टिमोरला खेकड्याचं वेड आहे, आपल्याला त्यात रस नाही, पण खेकड्यावर घालतात तो ओल्ड बे नावाचा मसाला ते फ्रेंच फ्राइजवरही भुरभुरतात. त्याचा डबा पार्सलमध्ये आहे. नुसता मसालाच आहे, मासळीचं काही नाही. उकडलेल्या बटाट्यावर घालून बघ.

खाण्याची काळजी तर मुळीच करू नका. बॉल्टिमोर आणि पिट्सबर्ग दोन्हीकडे घरचं खाणं आत नेऊ देतात. आम्ही तुम्ही पाठवलेलं भडंग नेलं होतं.

पिट्सबर्गबद्दल मात्र जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुम्हाला मला तिथेच न्यायचंय.

मैदान ॲलेघेनी नदीच्या काठावर आहे. पलीकडून यायला पिवळा लोखंडी पूल आहे, रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावाचा. सामन्याच्या दिवशी त्यावर गाड्या बंद असतात आणि सगळं गाव पायी चालत येतं. क्लेमेंटे पोर्तो रिकोचा, पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाचा खेळाडू. निकाराग्वात भूकंप झाला, त्याने पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आलं, म्हणून ३१ डिसेंबर १९७२ ला तो स्वतः मदतीच्या विमानात बसला. विमान समुद्रात कोसळलं. तो ३८ वर्षांचा होता, आणि नावावर बरोबर ३,००० हिट्स (चेंडू मारून बेस गाठला की हिट). त्याचा क्रमांक २१, म्हणून मैदानाची उजवीकडची भिंत २१ फूट उंच ठेवली आहे. मुलांनी ही गोष्ट पुलावर ऐकली आणि मग सामनाभर त्या भिंतीकडे बोट दाखवत होती. याच पायरेट्स संघाने २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना घेतलं होतं. भारतातल्या एका टीव्ही स्पर्धेत वेगाने चेंडू फेकून ते निवडले गेले. मेजर लीगपर्यंत नाही पोचले, पण कधी बेसबॉल हातात न घेतलेली पोरं इथवर आली, हे मला फार मोठं वाटतं.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर बाबांच्या वयाचे एक आजोबा होते. एकटेच. मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड, कानावर पेन्सिल. थोरला आधी चोरून बघत होता, मग सरळ त्यांच्या खांद्यावरूनच बघायला लागला. त्यांनी न बोलता कार्ड त्याच्याकडे सरकवलं. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो: पिचर (गोलंदाज) १, कॅचर (यष्टिरक्षकासारखा) २, मग बेसवरचे ३, ४, ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६, बाहेरचे तिघे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर गेला, दोघे बाद. आजोबांनी लिहिलं ६-४-३. तीन आकड्यांत सगळा प्रकार! बॅटर तीन स्ट्राइक (वाया घालवलेले चांगले चेंडू) होऊन बाद झाला की 'के' लिहायचा. बॅट न फिरवताच बाद झाला असेल तर तोच 'के' उलटा. होम रन झाली की चौकटीतला छोटा चौकोन पूर्ण काळा भरायचा. आजोबांचं अक्षर इतकं नेटकं की बाबा, मला क्लबच्या मैदानावरचं तुमचं स्कोअररचं टेबल आठवलं, तुम्ही सहा ठिपके जोडून मेडनचा 'एम' करायचात ते. पाचव्या इनिंगपासून थोरला स्वतः लिहायला लागला आणि आजोबा नुसते मान हलवत होते. त्यांना भडंग दिलं. लसूण आवडला, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी परत हात पुढे केला.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उठून उभे राहतात, हातपाय मोकळे करतात, गाणं म्हणतात. त्यानंतर थोड्याच वेळाने एक फाउल (रेषेबाहेर मारलेला) चेंडू आमच्या रांगेत आला. आजोबांनी तो उचलून धाकटीच्या ओंजळीत ठेवला. इथे चेंडू परत द्यायचा नसतो, ज्याला मिळाला त्याचा. तो मी खूप वेळ हातात धरून बघितला. पांढरं कातडं किंचित मातकट होतं, कारण सामन्याआधी प्रत्येक नव्या चेंडूला चिखल चोळतात, म्हणजे पकड येते. हा चिखल आमच्या न्यू जर्सीच्या बाजूच्या, डेलावेअर नदीच्या एका ओढ्यातून काढलेला असतो. लाल दोऱ्याचे टाके, आणि एका बाजूला बॅट घासल्याची काळपट रेघ. टाके १०८ असतात. धाकटीला आजीच्या जपमाळेतले मणी माहीत आहेत, तिने स्वतः बोट ठेवत मोजले आणि आकडा जुळल्यावर तुझ्याशी बोलायचं म्हणून हटून बसली. त्या वेळी सांगलीत पहाटेचे पाच वाजले होते, म्हणून लावला नाही फोन.

आई, पिट्सबर्गला तुझी सोयही आहे. पोलंडकडून आलेल्या लोकांमुळे तिथे पिअरोगी सगळीकडे मिळतात, बटाटा आणि चीजचं सारण भरून उकडलेल्या करंज्याच जणू, वरून परतलेला कांदा. आणि शहराजवळच्या टेकडीवर श्री वेंकटेश्वराचं मंदिर आहे, १९७७ साली प्रतिष्ठापना झालेलं, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मंदिरांपैकी एक. खालच्या उपाहारगृहात चिंचेचा भात आणि दहीभात मिळतो. आम्ही दर्शन घेऊन तिथेच जेवलो, आणि "आई इथे हवी होती" असं मी म्हणायच्या आधी तुमचे जावई म्हणाले.

क्लीव्हलंडला पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मुलं पेंगली. तिथली तपकिरी मोहरीची चटणी छान आहे, एक बाटली आणली.

शिकागोचं रिगली फील्ड १९१४ चं. घरांच्या वस्तीत आहे, लोकलमधून उतरलं की समोर. बाहेरच्या भिंतीवर वेल चढवलेले आहेत, १९३७ मध्ये लावलेले. चेंडू त्या पानांत अडकला तर क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. धावफलकही तेव्हाचाच, आत माणसं बसून हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात. दिवे थेट १९८८ मध्ये लागले, तोवर सगळे सामने उन्हात. तिथल्या कब्ज संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवलं. एवढी वर्षं हरणाऱ्या संघाच्या मागे लोक पिढ्यान् पिढ्या उभे राहिले, मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. शिकागोचा हॉट डॉग खसखस लावलेल्या पावात, टोमॅटो, कांदा, लोणच्याची काकडी, हिरव्या मिरच्या घालून देतात. केचप घालणं तिथे पाप समजतात. बिनमांसाचाही मिळतो. रात्रीचं जेवण डेव्हन ॲव्हेन्यूवर, तिथे सगळं आपलं मिळतं.

आता कूपर्सटाउन. तळ्याकाठचं लहानसं गाव, तिथे १९३९ पासून बेसबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचा सन्मान करणारं संग्रहालय, आहे. खेळाडूंच्या ब्राँझच्या पाट्या ओळीने लावल्या आहेत. बाबा, त्यात हेन्री चॅडविक नावाच्या माणसाची पाटी आहे. हा मेजर लीगचा खेळाडू नव्हे. जन्माने इंग्रज, १८२४ चा, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. पुढे बेसबॉलचा तक्ता कसा मांडायचा, खुणा कोणत्या, हे त्याने बसवलं. पिट्सबर्गच्या आजोबांनी शिकवलेला 'के' याच्याच पद्धतीतला. १९३८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. एका स्कोअररला एवढ्या मोठ्या खेळाडूंच्या रांगेत बसवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तुम्ही इतकी वर्षं उन्हात टेबल मांडून बसलात, तुमचं नाव कधी कुठल्या बातमीत आलं नाही. म्हणून त्या पाटीसमोर तुम्ही उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. थोरल्याचं कार्ड लाल शाईने तपासा, त्याला दयामाया नकोय.

तर माझं म्हणणं असं. मागच्या वेळी तुम्ही ऐन थंडीत आलात. बर्फामुळे बाहेर पडता येईना, मुलं शाळेत, आम्ही कामावर, आणि तुम्ही दोघं खिडकीशी. म्हणून आता "तिकडे येऊन करायचं काय" म्हणता, ते मला समजतं. या वेळी जूनअखेरीस या. मुलं घरी असतात, आम्ही दोघं रजा टाकतो. आधी फिलाडेल्फिया करू, ते दीड-दोन तासांवर आहे. झेपलं तर पिट्सबर्ग, आणि मग कूपर्सटाउन. दर दोन तासांनी गाडी थांबवू. मैदानात लिफ्ट असते, पायऱ्या न चढता बसता येईल अशा जागा कायद्यानेच ठेवलेल्या असतात, तिकीट काढताना मी त्याच मागेन. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय, त्यामुळे सामना पावणेतीन तासांच्या आतबाहेर संपतो. आधे-मधे जागेवरून उठून फिरून आलं तरी चालतं. मधल्या वारी वरच्या मजल्यावरची तिकिटं स्वस्त असतात, बाबा, त्यामुळे खर्चाचं कारण सांगू नका.

आणि बेसबॉल कळत नाही, हेही नको. जून २०२४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला हरवलं, मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने सुपर ओव्हर टाकली आणि तुम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत जागलात, ते टेक्ससचं मैदान आधी बेसबॉलचंच होतं. तुम्हाला दोन इनिंगमध्ये सगळं कळेल, तिसरीत तुम्ही पंचांच्या चुका काढाल.

आई, कपाटातले दोन्ही पासपोर्ट काढून मुदत कधीपर्यंत आहे ते बघ आणि रविवारच्या फोनवर सांग. व्हिसा अजून चालू आहे, मी तपासलंय. गुडघ्याच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. तिकिटं फेब्रुवारीत काढली तर स्वस्त पडतात, म्हणून "बघू" त्याआधी संपवा.

तुमची,
छकुली